विजूची तिसरी हाक

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या हॉलमधला फोन वाजला, थोडा वेळ घंटा झाली आणि थांबला. मी किचनमध्ये मेथी निवडत बसले होते. हात मातीनं भरलेले, आणि तसंही उठायचं कारण नव्हतं. रविवारी अकराला आमच्या लँडलाइनवर फोन करणारं माणूस जगात एकच होतं, आणि तिचे पहिले दोन फोन उचलायचे नाहीत हे आमचं दोघींचं ठरलेलं होतं. दोन-चार मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा बंद. "आली बाई," असं मी स्वतःशीच म्हटलं, हात धुतले, केटल लावली. तिसरा फोन उचलला की पाऊण तास सुटका नसे, मग चहा जवळ असलेला बरा. केटल उकळून बंद झाली. तिसरा फोन काही येईना. म्हटलं, दाराशी पार्सलवाला आला असेल, नाहीतर तिच्या त्या कुंड्यांत काहीतरी सापडलं असेल. श्रीधर, म्हणजे माझे यजमान, जुनी गादी टाकायला कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर गेले होते. घरात मी एकटी. मध्येच एकदा पाठीमागून कोणीतरी हाक मारल्याचा भास झाला. या वयात असे भास होतात. सवयीनं मी ओ दिली नाही, मान वर केली नाही, मेथी निवडत राहिले.

पावणेबारा झाले तेव्हा मात्र मला राग आला. माझा चहा थंड करणारी ही कोण! मीच केंब्रिजला फोन लावला. वाजत राहिला. मोबाइल लावला, तोही वाजत राहिला. मग तिच्या शेजारच्या मार्गरेटला लावला, तिच्याकडे किल्ली असते. ती बिचारी फोन कानाला तसाच धरून गेली. मला किल्लीचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग मार्गरेटचा आवाज, "विजया? विजया, लव्ह?" आणि मग काहीच नाही. माझा सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला, भूलतज्ज्ञ म्हणून. अशा शांततेचा अर्थ मला कोणी सांगावा लागत नाही. तरी मी मूर्खासारखी फोनमध्ये ओरडत राहिले, "मार्गरेट, तिला फोन दे. तिला दे फोन!"

याला आता सात आठवडे झाले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं. काही मिनिटांत आटोपलं असणार, असं तिथल्या डॉक्टरनं मला सांगितलं. 'असणार' या शब्दाची किंमत मला माहीत आहे हो. नातेवाइकांना तो शब्द मीही आयुष्यभर वाटत आले. मोबाइल तिच्या मांडीवर होता. वेडीनं ॲम्ब्युलन्ससाठी नाइन नाइन नाइन लावलं नाही. दोनदा मला लावला. आणि मी इथे बेसिंगस्टोकमध्ये केटलपाशी हसत उभी राहून तिसऱ्याची वाट बघत होते. हे एकदा लिहून टाकते, कारण बाकी जे लिहायचं आहे ते सगळं याच्याभोवतीच फिरतं. तिनं हाक मारली आणि मी ओ दिली नाही. विजूनं जीव जाताना मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही.

विजू माझी पुण्याची मैत्रीण, अकरावीपासूनची. मी मेडिकलला गेले, ती वनस्पतिशास्त्राला. दोघी वेगवेगळ्या वाटांनी या देशात आलो आणि इथे पुन्हा सापडलो. केंब्रिजच्या एका वनस्पती-संग्रहात ती वाळवलेली फुलं जपायची, म्हणजे त्यांना नावं देणं, कागदावर चिकटवणं, किडीपासून वाचवणं. लग्न केलं नाही. "माझी मेलेल्यांशी सोयरीक आहे," असं म्हणून खो खो हसायची. मी म्हणायचे, "मी माणसं झोपवून जागी करते, तू झोपलेलीच जपतेस, आपलं बरं जमतं." भांडणंही भरपूर. ती कशावरही विश्वास ठेवायला एका पायावर तयार, आणि मी कशावरच नाही. देवाला नमस्कारसुद्धा मी फोटो नीट लागलाय का ते बघून करते, असं ती म्हणे. ते अगदीच खोटं नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्यात राहून गेली होती. माझी मालवणची काकू आम्हा मुलांना बजावायची, रानात किंवा रिकाम्या घरात कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर ते माणूस. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, त्याचा श्वासच दोन हाकांपुरता असतो म्हणे. वयाच्या सहाव्या वर्षी अंगात शिरलेली गोष्ट मेडिकलची पाच वर्षं शिकूनही निघत नाही. हॉस्पिटलच्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मागून कोणी "डॉक्टर" म्हटलं तरी मी आपली दोन पावलं पुढे जाऊन मगच वळायचे. विजूला हे ठाऊक होतं आणि ती त्यावरून माझा यथेच्छ उद्धार करायची.

तर म्बेया. टांझानियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे शहर विजूचं दुसरं माहेर. त्याच्या चहूकडे डोंगर आहेत. बाजारात उभं राहा, कुठल्याही गल्लीच्या टोकाला डोंगर. गेली पंधरा-वीस वर्षं ती जवळजवळ दर फेब्रुवारीत तिथे जायची, एका गेस्ट हाउसची तीच खोली घ्यायची आणि तिथून वरच्या पठारांवर ऑर्किड बघायला हिंडायची. परवान्यांची कागदपत्रं, चिमटे, भिंग, आणि फुलं दाबायला जुनी वर्तमानपत्रं. ही वर्तमानपत्रं मराठीच हवीत असा तिचा हट्ट. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला ती रविवारच्या पुरवण्या आणायला लावायची. तुमच्या हातातल्या या पुरवणीचा कागद ओल छान शोषतो, असं तिचं शास्त्रीय मत. तेव्हा वाचकहो, तुम्ही वाचून टाकलेल्या लेखांच्या पोटात आफ्रिकेतली फुलं वाळलेली आहेत, हे तुम्हाला माहीत असावं.

अकरा वर्षांपूर्वी मी नुकतीच रिटायर झाले होते आणि घरात बसून श्रीधरना शिस्त लावत होते. त्यांनीच विजूला सांगितलं असावं, हिला घेऊन जा. दार-एस-सलामवरून छोट्या विमानानं आम्ही तिथे उतरलो. थंड हवा, लाल माती, निलगिरीचा वास. रिक्षाला तिथे चक्क 'बजाजी' म्हणतात हे ऐकून मला हसू आवरेना. विजूला सगळे 'मामा विजू' म्हणत. मामा म्हणजे आई. "आयुष्यात आई झाले नाही, इथे येऊन मामा झाले," असं ती म्हणाली. स्वाहिली फाडफाड बोलायची, पण सदाशिव पेठेच्या ठसक्यात.

पहिल्या सकाळी मी खोलीचा पडदा सारला आणि मला बरं वाटेना. आदल्या संध्याकाळी डोंगर शहराबाहेर होते. आता समोरचा डोंगर गेस्ट हाउसच्या कुंपणाला येऊन टेकल्यासारखा दिसत होता. त्याच्यावरची एकेक घळ मोजता येत होती.

"पावसानं हवा धुतली की जवळ दिसतात," मी म्हटलं, म्हणजे स्वतःलाच समजावलं.

"हो ना," विजू दात घासता घासता म्हणाली. "मी पण पहिल्या वर्षी असंच म्हणायचे."

दुपारी दोननंतर ढग खाली यायचे. पातेल्यावर झाकण ठेवावं तसे, चारी बाजूंनी काठाला नेमके बसणारे. मग शहरातले आवाजही बदलायचे. गल्लीत बोलणाऱ्या बाईचा आवाज खोलीत यायचा आणि दारावर ठोठावणारा माणूस लांब कुठेतरी ठोठावतोय असं वाटायचं. मी विजूला हे सांगितलं तर म्हणाली, "इथे आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, शमे. डोळ्यांवर ठेव." शमा हे माझं नाव. शमे म्हणणारी जगात ती एकटीच.

चौथ्या दिवशी आम्ही न्गोझीला गेलो. हे एका निजलेल्या ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. पायथ्यापासून दीड-दोन तास दाट जंगलातून चढायचं, बांबू, रानकेळी, शेवाळानं लगडलेली झाडं. काठावर पोचलं की जमीन एकदम संपते आणि दोनशे मीटर खाली हिरवंगार पाणी. वाटाड्या लुगानो, विजूचा नेहमीचा, चाळिशीतला, अत्यंत मोजकं बोलणारा माणूस. स्वित्झर्लंडमधल्या गावाचं नाव याला कोणी ठेवलं, असं मी विचारलं, तर विजू म्हणाली, त्याच्या भाषेत लुगानो म्हणजे माया. चढायला लागण्याआधी त्यानं एक गोष्ट सांगितली, विजूनं भाषांतर केलं. वर गेल्यावर एकमेकांना नावानं हाका मारायच्या नाहीत. मारलीच तर दोनदा, त्याहून जास्त नाही. त्याच्या आजीनं त्याला सांगितलं होतं की तळं ऐकत असतं. दोनदा ऐकलेलं ते विसरतं, तिसऱ्यांदा ऐकलं की नाव त्याच्या लक्षात राहतं.

"घ्या," मी म्हटलं, "माझ्या काकूच्या बरोब्बर उलटं. तिकडे तिसऱ्या हाकेशिवाय ओ नाही, इकडे तिसरी हाकच नाही. या दोन घराण्यांची सोयरीक झाली तर नवरा-बायको जन्मात एकमेकांशी बोलणार नाहीत!" विजू इतकी हसली की तिला खोकला आला. लुगानोला तिनं ते सांगितलं. तो हसला नाही.

काठावर आम्ही तळं बघितलं. एकही पक्षी नव्हता, पाण्यावर एक सुरकुती नव्हती. वारा आम्हाला लागत होता आणि खाली पाणी आरशासारखं. मला उगीचच वाटलं की आपण बघत नाही आहोत, आपल्याला कोणी बघतंय. मी बोलले नाही, नाहीतर विजूनं जन्मभर ऐकवलं असतं. मग काठाकाठानं पुढे निघालो, एका खास ऑर्किडसाठी. वाट जेमतेम एका माणसाची. माझ्या बुटाची नाडी सुटली. मी वाट सोडून थोडी बाजूला एका दगडावर बसले, नाडी बांधली, उठले, आणि समोर काही नव्हतं. ढग तळ्यातून वर आला होता. वाट नाही, झाडं नाहीत, लांब केलेल्या हाताची बोटं नाहीत.

घाबरायचं नाही, असं मी स्वतःला थिएटरमधल्या आवाजात सांगितलं. उभी राहिले. तेवढ्यात डावीकडून, जरा लांबून, विजूचा आवाज आला. "शमेऽऽ!"

आणि वाचकहो, त्या क्षणी रॉयल कॉलेजची ती फेलो कुठे गेली कोणास ठाऊक. मी मालवणच्या काकूच्या परसात सहा वर्षांची उभी होते. तोंड मिटून घेतलं. परत आली, "शमेऽऽ!" डावीकडूनच, आता घाबरलेला आवाज. माझा पाय आपोआप त्या दिशेला उचलला गेला होता, तो मी तसाच खाली ठेवला. तिसरी येऊ दे. एक येऊ दे फक्त. किती वेळ गेला सांगता येत नाही.  आणि मग तिसरी आली. पण उजवीकडून, अगदी जवळून, ओरडून नव्हे तर आपण शेजारी बसलेल्या माणसाला म्हणतो तशी. "शमे."

"ओ! आले गं, आले!" म्हणत मी उजवीकडे वळले. दहा-बारा पावलांत पायाखाली मळलेली वाट लागली. तशीच झाडाला धरून बसले. वीस मिनिटांनी ढग फाटला तेव्हा दिसलं. मी जिथे उभी होते तिथून डावीकडे एक पाऊल होतं, त्यापुढे हवा. विजू आणि लुगानो काठाच्या वळणापलीकडे होते, त्यांच्या-माझ्यामध्ये पूर्ण दरीचा कोपरा. तिचा आवाज दरीवरून सरळ आला होता. पहिल्या हाकेला मी ओ देऊन निघाले असते तर तळ्यात गेले असते.

विजू खुडलेलं ऑर्किड पिशवीत कोंबत धावत आली, मला गदागदा हलवलं, शिव्या घातल्या, रडली. "ओ का नाही दिलीस, मेले! दोनदा हाक मारली मी!"

"तिसरीला दिली की."

ती थांबली. "मी तिसरी मारलीच नाही. यानं माझ्या तोंडावर हात ठेवला."

लुगानो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.  मग त्यानं तिला स्वाहिलीत काहीतरी विचारलं. ती हळू आवाजात उत्तरली. त्यावर तो आणखी दोन-चार वाक्यं बोलला, आणि आम्ही उतरायला लागलो. मी विचारलं, काय म्हणाला? "जाऊ दे गं," ती म्हणाली. खाली गावात पोचेपर्यंत मी पाच वेळा विचारलं असेल. पाचही वेळा "जाऊ दे गं." त्या दिवसानंतर लुगानोनं मला नावानं हाक मारली नाही. उरलेले दहा दिवस मी नुसती 'मगेनी' होते, म्हणजे पाहुणी.

मी अर्थात माझं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. ऑक्सिजन कमी, भीती, प्रतिध्वनी. खडकावरून आवाज उलटून उजवीकडून आला. विजू म्हणायची, "प्रतिध्वनी म्हणे! मी ओरडले आणि डोंगरानं हळूच सांगितलं, असं?" त्यावर मी विषय बदलायचे. मला ती शेवटची हाक आवडत नव्हती, आणि तिच्यामुळेच मी जिवंत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी अकराला फोन वाजला आणि मी पोचेपर्यंत बंद झाला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उचलला तर विजू म्हणते, "माणूस आहे हं, भूत नाही. घे, ओ दे आता." झालं, प्रथा पडली. अकरा वर्षं. दोनदा वाजवून ठेवायचा, तिसऱ्याला मी "ओ" म्हणायचं. हॅलो नाही, ओ. श्रीधर कपाळाला हात लावायचे. कोविडच्या दिवसांत तर त्या तीन घंटांवरच आम्ही जगलो. भीती घालणाऱ्या एका गोष्टीचा आम्ही पोरखेळ करून टाकला होता, आणि पोरखेळ केला की भीती जाते असा माझा समज होता... अशा समजांना इंग्लंडात आम्ही कॉग्निटिव्ह काहीतरी म्हणतो. मराठीत त्याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

गेल्या महिन्यात तिचं घर आवरायला गेले. तिची भाची रिया वेम्बलीहून आली होती. इथेच जन्मलेली, वकील, गोड पोरगी, मराठी तिचं आपलं चालतं. आम्ही दोघींनी दोन दिवस कपडे, भांडी, कुंड्या, कुठलं चॅरिटी शॉपला, कुठलं मार्गरेटला, असं केलं. विजूच्या खुर्चीत कोणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रिया वरून एक खोका घेऊन आली.

"शमामावशी, हे सगळे आत्याचे फील्ड नोटबुक्स आहेत. तिच्या कलीगनी सांगितलं होतं, इन्स्टिट्यूटला द्या. पण हा एक वही तिनी वेगळा ठेवला होता. वरती तुमचं नाव आहे."

"माझं?"

"हो. पेन्सिलनी. म्हणजे मला वाचता येतो थोडा, पण हँडरायटिंग खूप बॅड आहे."

विजू रानात नेहमी पेन्सिलीनंच लिहायची, पावसात शाई उतरते म्हणून. उजव्या पानावर फुलांची कामाची माहिती, लॅटिन नावं, उंची, माती, सगळं इंग्रजीत. डावं पान स्वतःचं, तिथे मराठी. मी म्बेयाचे ते दिवस काढले. डाव्या पानांवर डोंगर रात्रीत किती सरकले त्याच्या नोंदी होत्या, माझ्या घोरण्याबद्दल अत्यंत अपमानास्पद मजकूर होता. मी हसले, रियाला वाचून दाखवलं, तीही हसली. मग न्गोझीचं पान आलं. ते मी मोठ्यानं वाचलं नाही.

तिनं लिहिलं होतं ते असं... 'शमाला दोनदा हाक मारली. मग लुगानोनं तोंडावर हात ठेवला. तिसरी मी मनात मारली. पोटातून, सगळा जीव एकवटून. तिच्या अगदी शेजारी जाऊन बसले आहे असं समजून मारली. लुगानोनं नंतर विचारलं, तिसरी तू मारलीस का? म्हटलं, तोंडानं नाही. तो म्हणाला, मग भिऊ नकोस. मनातली हाक तळ्याला ऐकू जात नाही. जिच्यासाठी मारली तिलाच जाते. पण अशी हाक माणसाला सारखी मारता येत नाही, म्हणाला. शमाला सांगितलं तर हसेल. नाही सांगत.'

हसलेच असते गं. खात्रीनं हसले असते. तू मला पुरती ओळखून होतीस.

रियानं विचारलं, "मावशी, तुम्ही ओके आहात ना?" मी म्हटलं, चहा टाक. ती किचनमध्ये गेली, केटल लावली. त्या केटलचा आवाज सुरू झाला आणि मी त्या रविवारी सकाळी माझ्या किचनमध्ये परत उभी होते. एक फोन. दुसरा फोन. केटल. मेथी. आणि पाठीमागून आलेली ती हाक, जिला तोवर मी भास म्हणत होते. ती 'शमे' होती. ओरडून मारलेली नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणतो तशी होती, अगदी जवळून, उजव्या खांद्यापाशी. मला तेव्हाही ऐकू आली होती. नीट, स्वच्छ ऐकू आली होती. पण फोनच्या घंटा मी हाकांत धरल्याच नाहीत. रिकाम्या घरात आलेली ती पहिली हाक, असं माझ्या अंगातल्या सहा वर्षांच्या पोरीनं मोजलं, आणि नियमाप्रमाणे गप्प बसली.

ती पहिली नव्हती. ती तिसरी होती.

मी डॉक्टर आहे, वाचकहो. मला ठाऊक आहे, मी ओ दिली असती तरी पंच्याऐंशी मैलांवरचं हृदय सुरू झालं नसतं. हे मी रोज स्वतःला सांगते, त्याच थिएटरच्या आवाजात. पण डोंगरावर तिनं मला एकटीला सोडलं नाही आणि मी मात्र तिला एकटीला सोडलं, हे कुठल्या पुस्तकात वाचून पुसायचं? तिनं ओची वाट पाहिली असेल. खिडकीजवळ बसून, थोडा वेळ पाहिली असेल.

फोन कंपनीचा माणूस येऊन गेला. जुन्या तारा बंद होणार, सगळं डिजिटल होणार, हा हँडसेट आता काढा म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.  फोन हॉलमध्ये आहे तिथेच आहे. त्याच्या खाली विजूची ती वही, आणि वहीत पुरवणीच्या एका पानात दाबलेलं काठावरचं ते ऑर्किड. तपकिरी झालंय, पण पाकळ्या सगळ्या आहेत.

माझी एक सवय मात्र बदलली. आता मी पहिल्या हाकेलाच ओ देते. श्रीधरनी जिन्यावरून हाक मारली तर ओ. पोस्टमननं दार वाजवलं तर ओ. घरात नुसतं खुट्ट झालं तरी ओ. "कोणाला ओ देतेस गं?" श्रीधर विचारतात. मी सांगत नाही. परवाच्या रविवारी अकराला मी मेथी घेऊन बसले होते. फोन वाजला नाही. केटल बंद होती. काही म्हणजे काही आवाज नव्हता. तरी मी जुडी खाली ठेवली, उजवीकडे वळले आणि म्हटलं, "ओ. आले गं, आले."